विम्बल्डनचे रविवार

स्मरणिका समितीने जुन्या सभासदांना "आठवणी लिहून द्या" असं सांगितलं, तेव्हा पाण्याचे टँकर, लिफ्टचं उद्घाटन, पहिला गणपती हे विषय लोकांनी आधीच वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला काही उरलं नाही. मग मी म्हटलं, टेनिसवर लिहितो. सेक्रेटरी हसून म्हणाल्या, "काका, आपल्याकडे टेनिस खेळतं कोण? पार्किंगमध्ये बॅडमिंटनला जागा नाही."

खरं आहे. मी स्वतः आयुष्यात चार-पाच वेळासुद्धा टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. पण बघितलं मात्र भरपूर. सुमारे चाळीस वर्षं बघतोय आणि त्यातली पंचवीस वर्षं याच इमारतीत. त्यामुळे या बघण्याच्या इतिहासात आपल्या सोसायटीचाही थोडा इतिहास आहे. शिवाय माझ्या नावावर एक जुनी थकबाकीही आहे. ती शेवटी सांगतो.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथे टेनिस म्हणजे पेपरातली चार ओळींची बातमी. रामनाथन कृष्णन हे नाव वडील फार आदराने घ्यायचे. १९५४ साली त्यांनी विम्बल्डनला मुलांच्या गटाचं विजेतेपद मिळवलं आणि पुढे १९६० व १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं ते मोठ्यांच्या उपांत्य फेरीत पोचले. त्यानंतर आजपर्यंत एकाही भारतीयाला तिथे एकेरीत इतकं पुढे जाता आलेलं नाही.

१९७४ साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत गेला. समोर दक्षिण आफ्रिका होती. तिथल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ आपण खेळायचंच नाही असं ठरलं आणि कप न खेळता त्यांच्याकडे गेला. मी तेव्हा चौदा वर्षांचा. मला फार राग आला. वडील म्हणाले, "कप काय, दरवर्षी असतो." दरवर्षी असतो हे खरं, पण आपल्याला पुन्हा अंतिम फेरी बघायला १९८७ साल उजाडलं. त्या वर्षी रामनाथन यांचे चिरंजीव रमेश कृष्णन यांनी सिडनीत निर्णायक सामन्यात वॉली मसूरला हरवलं, आणि गवतावर, त्यांच्याच देशात आपण ऑस्ट्रेलियाला ३-२ असं नमवलं. अंतिम सामन्यात स्वीडनने ५-० असा आपला धुव्वा उडवला ही गोष्ट वेगळी.

आज मुलांना सांगून पटत नाही, पण तेव्हा सामना 'वाचायचा' असायचा. १९८१ मध्ये विजय अमृतराज विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत जिमी कॉनर्सविरुद्ध पहिले दोन सेट जिंकले आणि पुढचे तीन हरले, हे मला पेपरातूनच कळलं. पहिले दोन आकडे वाचून आनंद झाला आणि पुढचे तीन वाचेपर्यंत संपलासुद्धा.

डोळ्यांनी बघितलेला पहिला अंतिम सामना ७ जुलै १९८५ चा. वाड्यात मालकांकडे टीव्ही होता, कृष्णधवल. त्यांच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसलो होतो. एका बाजूला केव्हिन करन आणि दुसऱ्या बाजूला लाल केसांचा सतरा वर्षांचा बोरिस बेकर. केस लाल आहेत हे अर्थातच दुसऱ्या दिवशी कळलं. मानांकन नसलेला हा पोरगा चेंडूवर अक्षरशः झेप घेत होता. मधेच 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी यायची आणि मालकांचा मुलगा गच्चीवर जाऊन अँटेना हलवायचा. बेकर चार सेटमध्ये जिंकला. त्या काळी विम्बल्डनचे चेंडू पांढरे असायचे. पिवळे चेंडू आले ते पुढच्या वर्षी, १९८६ ला. आमच्या टीव्हीला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

वाड्यातल्या आजींनी त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता. "पंधरा, तीस आणि मग चाळीस का? पंचेचाळीस का नाही?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न मी पुढे अनेकांना विचारला. त्यातल्या एका गृहस्थांची ओळख आता करून देतो.

त्याआधी दोन आठवणी घाईने सांगतो. एक आमच्या घरातली. सौभाग्यवती स्टेफी ग्राफच्या बाजूच्या. १९९३ च्या अंतिम सामन्यात याना नोव्होत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होती आणि तिथून हरली. बक्षीस घेताना ती डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. स्टेफी जिंकूनही आमच्या घरात त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. १९९८ ला नोव्होत्नाने विम्बल्डन जिंकलं, तेव्हा मात्र हिने शेजारी पेढे वाटले. दुसरी आठवण १९९६ ची. अटलांटाला लिअँडर पेसने कांस्यपदक मिळवलं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत पदक आणलं होतं, त्यानंतर तब्बल ४४ वर्षांनी भारताला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं. बँकेत त्या आठवड्यात टेनिस न समजणारेसुद्धा टेनिसवर बोलत होते.

आता १९९९. जूनमध्ये आम्ही इथे राहायला आलो तेव्हा इमारतीत जेमतेम सहा बिऱ्हाडं होती. जिन्याला कठडा नव्हता, पाणी टँकरचं, आणि केबलची वायर एकाच घरात आलेली, दुसऱ्या मजल्यावरच्या सरांकडे. सर महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. जुन्या सभासदांना मी कोणाबद्दल लिहितोय ते कळलंच असेल. नाव लिहीत नाही, कारण त्यांना स्वतःचं नाव छापून आलेलं कधीच आवडायचं नाही.

४ जुलैच्या रविवारी सर स्वतः वर आले आणि म्हणाले, "सँप्रास–आगासी आहे. घरी टीव्ही खोक्यातच असेल ना? खाली या." सहाही बिऱ्हाडं त्यांच्या हॉलमध्ये जमली. कारगिलचं युद्ध चालू होतं. त्याच दिवशी टायगर हिल परत घेतल्याची बातमी होती, त्यामुळे दर दहा मिनिटांनी कोणीतरी "जरा बातम्या लावा" म्हणायचं आणि सर निमूट चॅनल बदलायचे. सँप्रास तीन सेटमध्ये जिंकला. त्याच स्पर्धेत पेस आणि भूपतीने पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. त्या वर्षी ही जोडी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेली आणि त्यातल्या फ्रेंच व विम्बल्डन या दोन जिंकल्या. वहिनींनी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. आपल्या सोसायटीचा पहिला सार्वजनिक कार्यक्रम गणपती नव्हे, हा होता. स्मरणिकेत नोंद असावी म्हणून सांगतो.

तिथून पुढे रविवार ठरूनच गेले. आपल्याला विम्बल्डन आणि फ्रेंचचे अंतिम सामने सोयीचे, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होणारे. ऑस्ट्रेलियन दुपारी जेवणानंतर. अमेरिकन मात्र मध्यरात्रीनंतर, ते फक्त सर बघायचे. त्यांच्याकडे दोनशे पानी वही होती. प्रत्येक अंतिम सामन्याला एक ओळ, पेन्सिलने लिहिलेली. तारीख, खेळाडू, सेटचे आकडे, लागलेला वेळ. मी त्यांना वाड्यातल्या आजींचा प्रश्न विचारला. सर म्हणाले, "गणिताने याचं उत्तर नाही. खेळाचा नियम आहे, पाळायचा."

२००१ ला पावसामुळे अंतिम सामना सोमवारी गेला. गोरान इव्हानिसेविच आधी तीन अंतिम सामने हरलेला, क्रमवारीत १२५ वा, वाइल्ड कार्डवर प्रवेश मिळालेला. त्याने पॅट राफ्टरला पाचव्या सेटमध्ये ९-७ असं हरवलं. मी बँकेतून कधी नव्हे ते लवकर निघालो होतो. सरांनी आठवीच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेतला होता, पण एकही पेपर तपासला नाही.

सरांचा सगळ्यात आवडता किस्सा मात्र विम्बल्डनचा नव्हता. १९८२ ची फ्रेंच स्पर्धा, उपांत्य सामना. मॅट्स विलँडर तेव्हा सतरा वर्षांचा, समोर होझे-लुइस क्लर्क. मॅच पॉइंटवर क्लर्कचा चेंडू बाहेर गेला असा निर्णय झाला आणि पंचांनी विलँडर जिंकल्याचं जाहीर केलं. विलँडर पंचांकडे गेला आणि म्हणाला, चेंडू आत होता, असं मला जिंकायचं नाही. तो पॉइंट पुन्हा खेळला गेला. विलँडरने तोही जिंकला आणि मग स्पर्धाही. सर हा किस्सा सातवी-आठवीच्या वर्गात सांगायचे. मीच त्यांच्या तोंडून तो सहा-सात वेळा ऐकला असेन. ऐकून काय उपयोग झाला ते आता सांगतो.

२००५ ची वार्षिक सर्वसाधारण सभा. सर तेव्हा सेक्रेटरी होते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च एक लाख बारा हजार दाखवला होता. फाइलमध्ये मला एकाच ठेकेदाराची दोन बिलं दिसली. मी बँकेतला माणूस, आकड्यांचा मला गर्व. सगळ्यांसमोर उभा राहून मी विचारलं, "एकाच कामाचे दोनदा पैसे? हे गेले कुठे?" सभागृह शांत झालं. सर एवढंच म्हणाले, "कागद तुम्हाला पाठवतो." आठ दिवसांनी माझ्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली होती. आत सगळ्या बिलांच्या झेरॉक्स, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट. दोन बिलं म्हणजे एकाच कामाचे दोन हप्ते होते. मी तीनदा बेरीज केली. एका रुपयाचाही फरक नव्हता.

पिशवीत सरांचा राजीनामाही होता, समितीला दिलेल्या पत्राची प्रत.

मी खाली जाऊन "चुकलो" म्हणायला हवं होतं. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असं म्हणत तीन वर्षं गेली. जिन्यात भेट झाली की दोघंही चपला बघायचो. रविवारचं टेनिस मी माझ्या घरी एकटा बघू लागलो. केबलवाला सरांचा विद्यार्थी, म्हणून मी केबलसुद्धा काढून टाकली आणि गच्चीवर डिश बसवली. माणूस किती खाली जाऊ शकतो बघा.

मग ६ जुलै २००८ आला. फेडरर आणि नदाल. फेडरर आधीची पाच वर्षं सलग विजेता. तिथे पाऊस, त्यामुळे सामना उशिरा सुरू झाला. नदालने पहिले दोन सेट घेतले. तिसऱ्या सेटमध्ये पुन्हा पाऊस. तिसरा आणि चौथा सेट फेडररने टायब्रेकवर घेतला. चौथ्यात तर दोन मॅच पॉइंट वाचवून. पाचव्या सेटमध्ये २-२, ड्यूस, आणि पुन्हा पाऊस. रात्रीचे साडेबारा वाजत आले होते. तिकडचा पाऊस थांबायची वाट बघत बसलो, तेवढ्यात इकडे आपल्या पुण्यात धो धो सुरू झाला. ज्यांच्याकडे डिश होती त्यांना माहीत आहे पुढे काय होतं. पडद्यावर 'सिग्नल नाही'.

घरातले झोपले होते. मी दार उघडून जिन्यात आलो. खालून कॉमेंट्रीचा बारीक आवाज येत होता. दोन पायऱ्या उतरलो, मग आणखी चार. शेवटी सरांच्या दारासमोरच्या पायरीवर अंधारात बसलो आणि ऐकू लागलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा, बँकेतला ऑफिसर माणूस.

पाच मिनिटांनी दार उघडलं. सर म्हणाले, "जिन्यात काय बसलात? आत या. सुरू होतंय."

आत गेलो. कोणी काही बोललं नाही. मी फेडररचा, सर नदालचे. एक वाजता वहिनींनी उठून चहा केला. लंडनमध्ये अंधार पडत चालला होता, चेंडू दिसतोय की नाही असं वाटायला लागलं होतं. आपल्याकडे १ वाजून ४६ मिनिटांनी फेडररचा चेंडू जाळीत गेला. ९-७. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं. मी म्हटलं, "चला, उद्या सोमवार, बँक आहे." सर म्हणाले, "हो, शाळा आहे." त्या वेळी बोलायला हवं होतं. तेव्हाही बोललो नाही. पण पुढच्या रविवारपासून मी पुन्हा खाली जाऊ लागलो.

त्यानंतरची बारा वर्षं सुखाची गेली. खेळ बदलत होता. २००९ ला सेंटर कोर्टवर सरकतं छत आलं. सर म्हणाले, "आता जिन्यात बसायची वेळ यायची नाही." २०१५ ला सानिया मिर्झाने मार्टिना हिंगिसबरोबर महिला दुहेरी जिंकली तेव्हा सी विंगमधल्या मुली सरांच्या हॉलमध्ये नाचल्या. २०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघं बालेवाडीला महाराष्ट्र ओपन बघायला गेलो. केव्हिन अँडरसन आणि एकोणचाळीस वर्षांचा इवो कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. टीव्हीवर सर्व्हिस किती वेगाची असते ते कळतच नाही. प्रत्यक्षात आधी आवाज येतो आणि चेंडू शोधेपर्यंत पॉइंट संपलेला असतो. सर लहान मुलासारखे खुर्चीच्या कडेवर बसले होते.

त्याच वर्षी १४ जुलैला आमचा शेवटचा रविवार झाला. अर्थात तेव्हा तो शेवटचा आहे हे माहीत नव्हतं. लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता, त्यामुळे अख्खी इमारत तिकडे आणि आम्ही दोघंच इकडे. फेडरर सदतीस वर्षांचा, जोकोविचविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५. स्वतःची सर्व्हिस, दोन मॅच पॉइंट. मी उठून उभा राहिलो. सर म्हणाले, "बसा. अजून संपलं नाही." आणि खरंच, दोन्ही गेले. १२-१२ ला टायब्रेक झाला आणि जोकोविच जिंकला. चार तास सत्तावन्न मिनिटं. दुसऱ्या दिवशी सरांनी पेपरातले आकडे दाखवले. फेडररने एकूण २१८ पॉइंट जिंकले होते, जोकोविचने २०४. सर म्हणाले, "टेनिसमध्ये बेरीज बरोबर असूनही माणूस हरू शकतो."

ते फेडररबद्दलच बोलत होते, याची मला खात्री आहे. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

२०२० ला विम्बल्डन रद्द झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. ऑगस्टमध्ये सर गेले. ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. आपण सारे गॅलरीत हात जोडून उभे होतो, खाली कोणाला जाता आलं नाही. पुढे वहिनींनी ती वही मला आणून दिली. शेवटची ओळ पेन्सिलने लिहिलेली होती, "२०२०, सामना नाही." मागे उलटत गेलो. ६ जुलै २००८ च्या ओळीत सेटचे आकडे होते, वेळ होता आणि पुढे चार शब्द जास्त होते. "वरच्या मजल्यावरचे आले होते."

आता थकबाकी. २००५ च्या सभेच्या इतिवृत्तात आजही लिहिलेलं आहे की, "एका सभासदाने वॉटरप्रूफिंगच्या हिशोबाबाबत शंका उपस्थित केली." ते सभासद म्हणजे मी. शंका चुकीची होती, हिशोब चोख होता, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. नवीन सभासदांनी जुनी फाइल उघडली तर त्यांना शंकाच दिसेल. मी जे बोललो ते सर्वांसमोर बोललो, तेव्हा माफीही जिन्यात मागून चालणार नाही. म्हणून ती इथे, सर्वांसमोर मागतो. वहिनींना हे आधी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते कधीच विसरले होते हो." सर विसरले असतीलही. पण फाइल विसरत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत त्या नोंदीची दुरुस्ती व्हावी, असा ठराव मी मांडणार आहे. कोणीतरी अनुमोदन द्यावं.

वही मी चालू ठेवली आहे. २०२१ आणि २०२२ जोकोविच, २०२३ आणि २०२४ अल्काराझ. अक्षर सरांसारखं येत नाही. जुलैच्या त्या रविवारी वहिनींचं दार आजही उघडं असतं, आणि आता बी विंगमधली चार-पाच कॉलेजची मुलंही येतात, हातात मोबाइल असला तरी. पंधरा, तीस आणि मग चाळीस का, असं त्यांच्यातल्या एकाने यंदा विचारलं. मी त्याला सरांचं उत्तर दिलं.

सोसायटीला रौप्यमहोत्सवी शुभेच्छा.